मालगुंडच्या गच्चीवरून जहाजं बघताना: तांबड्या पट्ट्यापासून सुरुवात करा

मालगुंडहून एका ताईंनी विचारलंय. मुलगी सहावीत आहे, शाळेतून आली की गच्चीवर जाऊन जहाजं मोजत बसते. काही जहाजं दोन-दोन दिवस जागची हलत नाहीत, ती बिघडलेली असतात का? हा छंद म्हणावा की नुसता वेळ घालवणं? तिला दुर्बीण घेऊन द्यावी का? आणि शेवटी मुलीचा स्वतःचा प्रश्न: जहाजावरच्या माणसांना आपण दिसतो का?

ताई, मी रत्नागिरीत पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं जहाजं बघतोय. तुमच्या मुलीचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. त्याचं उत्तर शेवटी देतो, कारण ते समजायला आधीचं थोडं कळलेलं बरं.

ती जहाजं बिघडलेली नसतात. जयगड बंदराच्या रांगेत उभी असतात. धक्क्यावर आधीचं जहाज रिकामं होत असतं, कधी कागदपत्रं पुरी व्हायची असतात, कधी खोल बसलेल्या जहाजाला आत यायला भरतीचं वाढीव पाणी हवं असतं. बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला आतली वाट दाखवणारा माणूस, वर चढल्याशिवाय तर मोठं जहाज आत येतच नाही. तोवर बाहेर नांगर टाकून थांबायचं. या थांबण्याचाही हिशेब चालू असतो. ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ गेला की डेमरेज, म्हणजे जादा वेळाचा दंड, लागतं, रेल्वेच्या मालधक्क्यावर लागतं तसंच.

नांगरलेलं जहाज मुलांना कंटाळवाणं वाटतं, पण शिकायला तेच सगळ्यात चांगलं, कारण ते पळून जात नाही. मुलीला सांगा, आज संध्याकाळी चार जहाजं उभी असतील तर त्यांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कुठे आहे ते बघ. बहुतेक सगळ्यांची एकाच दिशेला असेल. नांगराची साखळी पुढून सुटलेली असते, त्यामुळे जहाज वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे, ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे, तोंड करून राहतं. दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून सुटला की नाळ तिकडे. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागला आणि प्रवाह मंद असला, तर तीच जहाजं रात्रीतून फिरून किनाऱ्याकडे बघत असतात. जहाज जागचं हललेलं नसतं, तरी रात्रभरात बरंच फिरलेलं असतं. आणखी एक सांगा. मोठ्या जहाजाला धरून ठेवण्यात नुसत्या नांगराच्या टोकाचा वाटा कमीच असतो. पाण्याच्या खोलीच्या पाच-सहा पट साखळी सोडतात, तिचा बराचसा भाग तळाशी आडवा पडून राहतो. त्या वजनामुळे ओढ आडवी लागते आणि नांगर उपटला जात नाही.

आता मला हा नाद कसा लागला ते सांगतो, कारण सुरुवात कुठून करायची याचं उत्तर त्यातच आहे.

माझं आजोळ रेडीला, शिरोड्याच्या पुढे, गोव्याच्या हद्दीजवळ. तिथे लोहखनिजाच्या खाणी. तेव्हा खनिज जपानला जायचं. मोठी जहाजं बाहेर समुद्रात नांगरून राहायची आणि किनाऱ्यावरून बार्जेस भरभरून त्यांच्याकडे फेऱ्या मारायच्या. १९७५ चा मे महिना, मी आठ वर्षांचा. यशवंतगडाच्या बाजूने रोज सकाळी एकच जहाज बघत होतो. वरून काळं, खाली तांबडं. पहिल्या दिवशी तांबडा पट्टा भिंतीएवढा उंच होता. दुसऱ्या दिवशी कमी झाला. तिसऱ्या दिवशी अगदीच बारीक. चौथ्या दिवशी तांबडं काही दिसेचना, तेव्हा मी धावत घरी गेलो आणि ओरडलो, जहाज बुडतंय! आजोबा खळ्यात आमसुलं वाळत घालत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "बुडणा नाय रे झिला, भरता."

त्या एका वाक्यावर माझी पन्नास वर्षं गेली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज तिथे नव्हतं.

मालवाहू जहाजाच्या बुडाला शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून तांब्याचं संयुग घातलेला रंग लावतात आणि तो परंपरेने तांबडा असतो. हल्ली निळे, हिरवेही दिसतात, पण तांबडा अजून सगळ्यात जास्त. जहाज रिकामं असलं की हा पट्टा पाण्यावर उघडा पडतो, भरलं की बुडतो. म्हणजे दुर्बीण नसतानाही, पाच-सात किलोमीटरवरून, आत माल आहे की नाही ते कळतं. पुढच्या बाजूला पाण्याच्या रेषेशी एक गोल फुगवटा, नाकासारखा, बाहेर आलेला दिसला तर जहाज नक्की हलकं आहे. रिकामं जहाजही अगदी मोकळं नसतं. पंखा पाण्यात राहावा आणि जहाज लाटांत हेलकावू नये म्हणून टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घेतात. त्याला बॅलास्ट म्हणतात.

तुम्ही जिथे राहता तिथे तर हा धडा फार छान दिसतो. जयगडला १२०० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे, तो आयात कोळशावर चालतो. बंदर खोल आहे, म्हणून केपसाइज म्हणतात ती प्रचंड जहाजं तिथे येऊ शकतात. ती येतात भरलेली, तांबडं जवळजवळ बुडालेलं, आणि जातात उंच होऊन, तांबडा पट्टा मिरवत. त्याच पाण्यात लहान मालवाहू जहाजंही दिसतील. ती जयगडहून माल घेऊन धरमतरच्या खाडीत, डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी जातात. त्यांचं उलट आहे: येताना रिकामी, जाताना भरलेली. मुलीला हे काही न सांगता फक्त आठवडाभर लिहायला सांगा, मोठं आलं तेव्हा तांबडं किती, गेलं तेव्हा किती. लहान आलं तेव्हा किती, गेलं तेव्हा किती. बंदरात मोठ्यातून उतरतं आणि लहानात चढतं, हे ती आपणहून तुम्हाला येऊन सांगेल. असं स्वतः ताडलेलं मूल विसरत नाही. वर्गात शिकवलेलं विसरतं, हे मी शिक्षक म्हणून सांगतो.

थोडं गणितही त्यात घाला. केपसाइज जहाज साधारण २९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद. आपल्या गाडीचा एक डबा साधारण २४ मीटरचा धरा, म्हणजे बारा डब्यांची गाडी. पाण्याच्या रेषेवर त्याचं क्षेत्रफळ काढा, टोकं निमुळती असतात म्हणून दहावा हिस्सा कमी करा. एक सेंटिमीटर जाडीच्या त्या थरात जितकं समुद्राचं पाणी मावेल तितकं वजन चढवलं की जहाज एक सेंटिमीटर खाली जाईल. उत्तर येतं सुमारे १२० टन. सेंटिमीटरला १२० टन! पंचवीस टनी ट्रक धरले तर पाच ट्रक रिकामे केले तेव्हा तांबडा पट्टा नखाएवढा हलला. पूर्ण भरलेलं असं जहाज १,८०,००० टनांच्या आसपास माल वाहतं, म्हणजे ७,२०० ट्रक. सातवी-आठवीच्या मुलांना आर्किमिडीजचं तत्त्व शिकवताना मी बादली कधीच वापरली नाही. खिडकीतून समुद्र दिसत होता.

जवळून बघायची संधी मिळाली तर जहाजाच्या मध्यावर, कुशीवर, एक वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ शोधायला सांगा. तिला प्लिमसॉल रेषा म्हणतात. सॅम्युअल प्लिमसॉल हे ब्रिटिश खासदार. विम्याच्या लोभाने मालक जुनी जहाजं बेसुमार भरून पाठवायचे आणि खलाशी बुडून मरायचे, त्याविरुद्ध ते वर्षानुवर्षं झगडले आणि १८७६ मध्ये कायदा झाला. वर्तुळाशेजारी शिडीसारख्या बारीक रेघा असतात: उन्हाळी समुद्रासाठी एक, हिवाळ्यासाठी एक, उष्ण कटिबंधासाठी एक, गोड्या पाण्यासाठी एक. गोडं पाणी हलकं, म्हणून त्यात तेच जहाज जास्त खोल बसतं. वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना दोन अक्षरं असतात, ती जहाज तपासणाऱ्या संस्थेची. आपल्या इंडियन रजिस्टरचं 'आयआर' दिसलं की मला अजून आनंद होतो. पुढे आणि मागे उभे आकडे रंगवलेले असतात, ते पाण्यातली खोली सांगतात. प्रत्येक आकडा दहा सेंटिमीटर उंच आणि दोन आकड्यांमध्ये दहा सेंटिमीटर मोकळी जागा. आकड्याचा पाय जिथे आहे तिथे ती खोली, म्हणून पाणी आकड्याच्या डोक्याला टेकलं असेल तर दहा सेंटिमीटर मिळवायचे.

ही रेषा हाताने चाचपण्याइतक्या जवळून मी एकदाच पाहिली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात बासरा स्टार हे तेलवाहू जहाज रत्नागिरीजवळ मिऱ्या किनाऱ्याला येऊन लागलं. खलाशी सुखरूप बाहेर आले. जहाज मात्र पुढे वर्षानुवर्षं तिथेच बंधाऱ्याला टेकून पडून राहिलं. ओहोटीला जवळ गेलो तेव्हा वर्तुळाची कड रंगाच्या आत वेल्डिंगने उठवलेली लागली, बोटाला खरखरीत. रंग उडाला तरी रेषा पुसली जाऊ नये म्हणून ती तशी कायमची करतात. दर पावसाळ्यानंतर गंज एक हात वर चढलेला असायचा. ज्या वस्तूकडे आयुष्यभर दुरून पाहिलं ती अशी उघडी पडलेली बघताना फार वाईट वाटलं. कितीतरी वेळ मी तिथे नुसता उभा होतो.

जहाजाचे प्रकार ओळखणं मुलं दोन रविवारांत शिकतात, त्याचा मोठा बाऊ नको. सपाट डेकवर ओळीने मालाच्या कोठारांची झाकणं आणि मध्ये चार क्रेन असतील तर सुप्रामॅक्स जातीचं, कोळसा, खत, धान्य असा सुटा माल नेणारं, साधारण १९० ते २०० मीटर. क्रेन नाहीत, झाकणं नऊ, आणि लांबी नजरेत मावत नाही: केपसाइज. डेकवर पाइपांचं जाळं आणि मध्यभागी नळी उचलायची छोटी क्रेन असेल तर टँकर. रत्नागिरीच्या दक्षिणेला पावसजवळ गॅस आणि रसायनं उतरवायची जेटी आहे, तिथे येणारे गॅसवाहू टँकर मी घराजवळच्या टेकडीवरून बघतो. डेकवर लांबट टाक्यांची पाठ दिसते. दाभोळला द्रवरूप नैसर्गिक वायू आणणारी येतात. त्यांतल्या काहींच्या डेकवर अर्धगोल घुमट असतात, ती ओळखायला एक नजर पुरे. कंटेनरवाली आपल्याकडे फारशी जवळून जात नाहीत. ती बघायची तर मुंबईच्या बाजूला, न्हावा-शेव्याला, आणि त्याबद्दल पुढे सांगतो.

गच्चीवर जाते हे उत्तम करते. उंचीचा फार फरक पडतो. वाळूत उभ्या असलेल्या मुलीचं क्षितिज जेमतेम चार किलोमीटरवर असतं. वीस मीटर उंचीवरून ते सोळा किलोमीटरवर जातं. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, किलोमीटर मिळतात. उंची चौपट केली की अंतर दुप्पट. जहाजाची स्वतःची उंची वेगळी मिळवायची, म्हणून त्याची वरची बाजू क्षितिजापलीकडूनही दिसते. आधी डोलकाठी आणि धुराडं, मग पांढरी इमारत, मग काळं अंग. डोळे लावून बसलं तर वीस-पंचवीस मिनिटांत हे सगळं वर येताना दिसतं. पृथ्वी गोल आहे हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते रत्नदुर्गावर बसून.

वेळ सकाळची धरा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी ऊन आपल्या पाठीमागून जहाजावर पडतं आणि रंग, नाव, गंज सगळं उजळतं. दुपारी तीननंतर नुसती काळी आकृती राहते. शाळेच्या वेळेमुळे तुमची मुलगी संध्याकाळीच बघते, तर तिला आकृतीवरून ओळखायची सवय लागेल, तीही वाईट नाही. फक्त रविवारी सहाला उठवा. महिन्यांमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत निर्मळ, पावसाने हवा धुतलेली. फेब्रुवारीनंतर धुरकट होत जातं. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, ट्रॉलर नसतात, आणि एखाद्या उघडिपीत समुद्रावर फक्त मोठी जहाजं दिसतात. मला ते दिवस फार आवडतात.

रात्री वेगळी मजा आहे. चालत्या मोठ्या जहाजावर दोन पांढरे दिवे असतात, पुढचा खाली आणि मागचा वर. पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात मुंबईकडे. खालचा दिवा उजवीकडे असेल तर जहाज मुंबईकडे चाललंय, डावीकडे असेल तर गोव्याकडे. फार जवळून गेलं तर कुशीचा रंगीत दिवाही दिसतो: उत्तरेला जाणाऱ्याचा हिरवा आपल्याकडे, दक्षिणेला जाणाऱ्याचा तांबडा. नांगर टाकला की हे उलटतं, पुढचा पांढरा दिवा वर आणि मागचा खाली, शिवाय शंभर मीटरहून मोठ्या जहाजाला डेक उजळून ठेवावं लागतं. म्हणून तुमच्याकडची उभी जहाजं रात्री गावासारखी दिसतात. दिवसा नांगरलेल्या जहाजाच्या पुढच्या भागात एक काळा गोळा टांगलेला असतो, तो मात्र दुर्बिणीशिवाय दिसणार नाही.

आता दुर्बीण. पहिलं वर्षभर घेऊ नका. एक दोनशे पानी वही द्या. तारीख, वेळ, उंचावरून की वाळूतून, भरती की ओहोटी, नाळ कुठे, रंग, क्रेन किती, तांबडं किती. भरती-ओहोटीसाठी आपल्याकडची कोळ्यांची रीत शिकवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, तासाभराचा फरक धरून. माझी पहिली वही १९७९ ची आहे. तिच्यात एका पानावर एवढंच लिहिलंय: "काळं. चार काठ्या. तांबडं नाही. गोव्याकडे. आईने हाक मारली." आज त्या जहाजाचं नाव मिळवायला माझ्याकडे काही साधन नाही, पण ती संध्याकाळ पूर्ण माझ्याजवळ आहे. वर्षभर वही टिकली तर मग सात बाय पन्नासची दुर्बीण घ्या, म्हणजे सात पट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर काचांची, खलाशी वापरतात ती. दहा पट मोठं दाखवणारी घेतली तर मुलीच्या हातात चित्र थरथरेल. आणि खारं वारं काचेला खातं. आधी मीठ फुंकून, ओल्या मऊ कापडाने टिपून घ्यायचं, पुसायचं नंतर. कोरडं घासलं की चरे पडतात.

फोनवर जहाजांचे नकाशे दिसतात हे तिला आज ना उद्या कळेलच. ३०० टनांच्या वरच्या, परदेशी फेऱ्या करणाऱ्या जहाजांना एआयएस नावाचं यंत्र लावणं २००४ च्या अखेरपासून बंधनकारक आहे. ते नाव, जागा, वेग, दिशा सतत रेडिओवर सांगत राहतं, चालताना काही सेकंदांनी आणि नांगरलेलं असताना दर तीन मिनिटांनी. माझा एकच नियम आहे: वहीत लिहून झाल्यावर फोन उघडायचा. आधी फोन बघितला की डोळा आळशी होतो. शिवाय जागा आणि वेग यंत्र आपोआप घेतं, पण कुठे चाललंय आणि किती खोल बसलंय हे माणूस हाताने भरतो आणि बदलायला विसरतो. नकाशावर भरलेलं आणि समोर तांबडं हातभर उघडं, असं मी अनेकदा पाहिलंय. तिथे वही खरी.

नावावर भिस्त ठेवू नका, नावं बदलतात. जहाज विकलं गेलं की नाव, झेंडा, मागच्या बाजूला लिहिलेलं नोंदणीचं बंदर, सगळं बदलतं. मागे मोन्रोव्हिया, माजुरो किंवा पनामा लिहिलेलं असतं, आणि ते जहाज त्या गावाला कधी गेलेलंही नसतं. बदलत नाही तो आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक, सात आकडी. तो जहाज बांधल्यापासून मोडीत निघेपर्यंत एकच राहतो आणि २००४ पासून बाहेरून दिसेल असा लिहावा लागतो. त्यात एक सुंदर गणित दडलेलं आहे. ९०७४७२९ घ्या. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा: ६३, ०, ३५, १६, २१, ४, मिळून १३९. शेवटचा आकडा ९, तोच क्रमांकाचा सातवा आकडा. दुरून एखादा आकडा चुकीचा वाचला असेल तर बहुतेक वेळा इथे पकडला जातो. तुमची मुलगी हे पाच मिनिटांत शिकेल आणि मैत्रिणींना शिकवेल.

या क्रमांकाने मला एकदा जुनी ओळख परत मिळवून दिली. एका संध्याकाळी रेवसहून मुंबईला लाँचमधून येताना एक म्हातारं जहाज नांगरलेलं दिसलं. तिरप्या उन्हात नाळेवरच्या नावाखाली दुसऱ्याच अक्षरांच्या कडा उठून दिसत होत्या. नाव वेल्डिंगने उठवून वर रंग देतात. नवीन मालक जुनं नाव रंगाने झाकतो, पण उठाव राहतो. मी ती अक्षरं जुळवली, क्रमांक टिपला, घरी येऊन वह्या काढल्या. बारा वर्षांपूर्वी तेच जहाज, वेगळ्या नावाने, वेगळ्या रंगात, मी पाहिलं होतं. दोन महिन्यांनी ते अलंगला मोडायला गेलं.

अशी जवळून जहाजं बघायची तर मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, किंवा गेटवेवरून घारापुरीची. तिकिटाच्या पैशांत टँकर, कंटेनरवाली, तेलविहिरींना सामान नेणाऱ्या बोटी, सगळं दिसतं. तुम्हाला तर जयगड-तवसाळ फेरीबोट शेजारीच आहे. एका रविवारी जाऊन-येऊन करा, उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना बसून. मी लहान असताना मुंबई-गोवा बोट चालू होती, कोकण सेवक, कोकण शक्ती ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जायची. आजोबांच्या वेळी तर पडावातून बोटीपर्यंत जायचं आणि वर चढायचं. 

काही गोष्टी मात्र कडक. नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या जहाजांचे फोटो काढायचे नाहीत, बंदराच्या कुंपणाजवळ कॅमेरा नको, ड्रोन तर मुळीच नको. मला एका बंदराबाहेर तीन तास बसवून ठेवलं होतं आणि वही पानापानाने तपासली होती. राग आला होता, पण २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर कोणी अशी चौकशी केली तर ती करायलाच हवी. तेव्हापासून मी आधी गावच्या पोलीस पाटलांना आणि कोळीवाड्यात सांगून ठेवतो. वायरलेस सेट परवान्याशिवाय विकत घ्यायचा नाही, कोणी कितीही स्वस्त दिला तरी. आणि ओली कातळं, उधाण आणि पाऊस यांच्याशी खेळ नाही. गणपतीपुळ्याच्या समुद्रात दरवर्षी काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. १७ जुलै १९४७ ला भर पावसात रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली. जहाज गच्चीवरून बघायचं, पावसाळ्यात तर फक्त गच्चीवरूनच.

छंद की वेळ घालवणं, असं विचारलंत. माझ्या विद्यार्थ्यांपैकी दोघं मर्चंट नेव्हीत गेले, पण म्हणून नाही सांगत. एखादं मूल रोज एकाच जागी बसून, कोणी सांगितलं नसताना, मोजतं आणि तुलना करतं, त्याला मी वर्गात शोधत असायचो. चाळीसात एखादं सापडायचं. तुमच्या घरात ते आपणहून गच्चीवर चढतंय. तिला बसू द्या, आणि आठवड्यातून एकदा तिच्याशेजारी बसा.

आता तिचा प्रश्न. हो, दिसतो. ती जेवढ्या अंतरावरून त्यांना बघते तेवढ्याच अंतरावरून तेही तिला बघू शकतात, ती रेघ दोन्हीकडून सारखीच असते. नांगरलेल्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, दिवसरात्र कोणीतरी पहाऱ्यावर असतं. नांगर सरकत नाही ना, हे तपासायला तो किनाऱ्यावरच्या ठरावीक खुणांची दिशा पुन्हा पुन्हा मोजतो. म्हणजे तो आपल्या डोंगरांकडे, दीपगृहाकडेच बघत असतो. गच्चीवरची मुलगी त्याला माणूस म्हणून दिसायची नाही, पण रात्री दिवा दिसतो. तो पूर्वेकडे तोंड करून असतो, म्हणून सगळं उलट: जयगडचं दीपगृह त्याच्या डाव्या हाताला, गणपतीपुळ्याचे दिवे उजव्या हाताला, आणि गणपतीपुळ्याच्या थोडं डावीकडे, विरळ दिव्यांत, मालगुंड. गच्चीवरचा दिवा रोज एकाच वेळी लावायला सांगा तिला.